छबीला आई नाही

ओतूर
२१ जानेवारी १९९८

सौ. सारजावन्सं यांना लंकाचा नमस्कार.

खुशाली लिहीत न्हाई, कारण तुमी भाऊबीजेला आलात तवाच ती संपली. फोन करणार व्हते. पण फोन खेमचंदशेठच्या कापडाच्या दुकानात, आणि तिथं बोललं की निम्मा बाजार कान टवकारून उभा राहतो. म्हणून कागदावर भांडते.

माळ्यावरची सासूबाईंची ट्रंक तुमी उतरवली आणि तुमच्या लहानपणच्या मासिकांचा गठ्ठा मपल्या वृषालीच्या हातात दिला. ‘खुदुखुदु’ म्हणे. मला वाटलं, विनोदाची चित्रं हायत, हसंल पोरगी घटकाभर. तर त्यात ती छबी. सोळा-सतरा वर्षांची घोडी, मुंबईत मॉडेल, पानापानाला नवा पोशाख. कधी टाच मोडून पडती, कधी रंगाच्या डब्यात बसती. तिचा तो बबन फोटोवाला क्यामेऱ्याचं झाकण न काढताच फोटो मारतो आणि मालक ढमढेरे सोताचे केस उपटतो. आणि पोशाखाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की अमक्या गावच्या अमक्या वाचक मुलीनं हा पोशाख काढून पाठवला. वृषालीनं नेमकं तेवढंच धरलं. बारावीचं वर्ष, आणि ही वहीच्या मागं झगे काढत बसती.

कॉलेजच्या गॅदरिंगला तर कहरच झाला. सासूबाईंचं हिरवं इरकली लुगडं मी जपून ठेवलं व्हतं, ते तिनं कापलं. काष्टा घातल्यासारखी विजार शिवली, वर बिनबाह्यांचा झगा, आणि स्टेजवर मिरवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढं बसलेल्या बायकांनी लुगडं ओळखलं. मला कुठं तोंड लपवू झालं.

दुसऱ्याच दिवशी नारायणगावचे पाव्हणे तिला बघायला आले. द्राक्षबागेवालं घर, एकुलता एक पोरगा. ही पोहे घेऊन आली आणि पोराच्या आईला म्हणाली, तुमच्या ब्लाउजचा खांदा चुकलाय, उसवून नीट करून देऊ का. ती बाई लालबुंद झाली. तरी पोराला पोरगी पसंत पडली, निरोप धाडतो म्हणालेत. तवा तो निरोप यायच्या आत तुमची मासिकं घेऊन जा, न्हाईतर बंबात घालते.

लंका


पेठ
२ फेब्रुवारी १९९८

वहिनी,

घालून बघाच बंबात. ती मासिकं माझी आहेत आणि लुगडं माझ्या आईचं होतं. डांबराच्या गोळ्या हुंगत ट्रंकेत पडण्यापेक्षा त्याची विजार झाली, आईच्या जिवाला बरंच वाटलं असेल. आणि ब्लाउजचा खांदा चुकला असेल तर तो चुकलाच. पोरीला नजर आहे. तुमच्याकडून आलेली नाही, हे उघड आहे.

आता पुढचं नीट वाचा. नारायणगावकरांना सांगून टाका की पोरगी दिलेली आहे. मामाच्या पोरीवर आत्याचा पहिला हक्क असतो, हे मी तुम्हाला शिकवायला नको. माझ्या आदेशसाठी मी वृषालीला मागितली आहे. भाऊबीजेला दादाला ओवाळलं, तो तबकात नोट टाकायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हणाले, “यंदा नोट नको, साडी नको. ओवाळणीत वृषाली घाल.” दादानं मान हलवली. वृषाली तिथंच उभी होती. तुम्ही आत पुरण वाटत होता, त्याला मी काय करू?

तुम्हाला दादा बोलला नसेल तर तो तुमचा संसार. माझ्यापर्यंत आणू नका.

सारजा


ओतूर
१५ फेब्रुवारी १९९८

वन्सं,

ह्यांना विचारलं. पहिल्यांदा दारातल्या चपला नीट लावत बसले, मग म्हणाले, दिला शब्द, बहिणीला ओवाळणीत घातलेलं माघारी घेतात का. मग नारायणगावकर येऊ दिले कशाला म्हटलं, तर म्हणाले, तू बोलावलेस, मला बोलायचं राहून गेलं. म्हंजे खरंय. मपल्या पोटची पोर तबकात गेली आणि मला पत्ता न्हाई.

तुमचा आदेश मला ठाव न्हाई असं समजू नका. नारायणगाव-मंचर जीप चालवतो, बारावीला दोनदा आपटला, तोंडात सदा गुटखा. माझी पोर त्याच्या भाकऱ्या थापणार? नारायणगावकरांच्या कानावर तुमचं गेलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, आत्यानं मागितलेली पोर आमी कशी करावी, आमाला भावकीत राहायचंय. झालं तुमच्या मनासारखं. वृषाली तर रडरड रडती. जेवत न्हाई. माझ्यापुढं आली की डोळ्याला ओढणी.

तुमची मासिकं जाळायच्या आधी मी वाचून काढली. समदी. म्हटलं, ह्यात असं काय हाय ते तरी कळू दे. वन्सं, एक सांगा. छबीला आई कुठंय? एवढे अंक, एवढे झगे, कुठल्या पानावर तिची आई दिसत न्हाई. रात्री घरी कधी येती, काय खाती, कोण पुसतं तिला? आई असती तर असलं काही झालं नसतं.

शब्द गेलाय तर गेला. आता घोळ घालू नका. वैशाखात लग्न उरकून टाका.

लंका


पेठ
२० मार्च १९९८

वहिनी,

बरोबर बोललात. छबीला आई असती तर पहिल्याच अंकात तिचं लग्न होऊन मासिक बंद पडलं असतं.

वैशाखात लग्न होणार नाही. मला अडाणी सून नको. आमच्याकडे चुलत जावांच्या सुना शिकलेल्या आहेत, त्यांच्यात मला खाली बघायचं नाही. पुण्यात शिवणकामाचा आणि कपडे काढायचा तीन वर्षांचा कोर्स असतो, वसतिगृह असतं. वृषालीला जूनमध्ये तिकडं घाला. खर्च मुलीच्या बापानं करायचा. आमच्या घरात येणारी पोरगी कशी हवी, ते आम्ही ठरवणार. दादाला हे वाचून दाखवा. हुंड्यात मी एवढंच मागते आहे म्हणावं. तेही जमत नसेल तर भरल्या देवळात सांगेन की सोपानभाऊनं बहिणीला ओवाळणीत फसवलं.

तुमच्या हाताखाली अठरा वर्षं वाढून तिला धड पोळी लाटता येत नाही, ते मी चालवून घेईन.

सारजा


ओतूर
६ जुलै १९९८

वन्सं,

घातली पुण्याला. हे सोता जाऊन सोडून आले. बहिणीच्या शब्दापुढं ह्यांचं काही चालत न्हाई, बायकोचं तर कधी चाललंच न्हाई. बस सुटताना पोरगी रडायची सोडून हसत व्हती. मला वाटलं, भेदरून हसती.

तुमच्यासारखी विहीणबाई मी बघितली न्हाई. अजून अक्षदा पडल्या न्हाईत आणि हुकूम सोडता. लोक सोनं मागतात, गाडी मागतात, तुमी माझं लेकरूच घरातनं काढलंत.

पण तुमचं बिंगही मला घावलंय. मासिकं जाळली न्हाईत ते बरं झालं. पुन्हा चाळताना बारीक अक्षरं वाचली. एका श्रावणाच्या अंकात छबी लुगड्याचा काष्टा मारून, वर कोट घालून मुंबईच्या स्टेजवर चालती. खाली छापलंय, पोशाख: कु. सारजा जानकू डुंबरे, ओतूर. आता कळलं वृषालीनं लुगडं का कापलं. वा गं बाई. आमच्या पोरींना अक्कल शिकवणारी आत्या सोता असले धंदे करत व्हती. पेठच्या पाव्हण्यांना हे दाखवू का? तुमच्या त्या शिकलेल्या चुलत सुनांना? माझ्या पोरीला नीट वागवलं न्हाई तर दाखवीन, सांगून ठेवते.

लंका


पेठ
१९ ऑगस्ट १९९८

वहिनी,

दाखवा. पंचवीस वर्षं उशीर झाला आहे, पण दाखवा.

तुम्ही त्या घरात सून म्हणून आलात ती माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी, म्हणून सांगते. मॅट्रिकचं वर्ष होतं. आई कांद्याच्या रानात काष्टा खोचून कामाला उभी राहिली की मला ती सगळ्या जगात देखणी दिसायची. तोच पोशाख मी छबीला घातला आणि पाठवला. तो छापून आला. दादानं स्टँडवर मासिक घेतलं, माझं नाव वाचलं आणि आबांच्या पुढ्यात टाकलं. हसत टाकलं, वहिनी. त्याला वाटलं, गंमत आहे. आबांना ती वाटली नाही. डुंबऱ्यांच्या पोरीचं नाव नाचणारीच्या पायाखाली छापलं म्हणाले. तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्या मुहूर्ताला माझं. बिजवर, माझ्याहून दुप्पट वयाचा. माणूस वाईट नाही, पण मॅट्रिकचा पेपर मी दिला नाही आणि पुन्हा कागदावर रेघ ओढली नाही. मासिकं बंबात घातली म्हणून आईनं आबांना सांगितलं आणि आपल्या लुगड्यांखाली ठेवली.

त्या गोष्टीत माझा पोशाख घालून छबी घसरून पडते. गावात लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही. छबी दर अंकात पडायचीच आणि पुढच्या अंकात नवा पोशाख घालून उभी असायची. मला पुढचा अंक मिळाला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि दादावर तर मरेपर्यंत जाणार नाही. भाऊबीजेला ओवाळते म्हणून गेला असं समजू नका.

तेव्हा मला धमक्या देऊ नका. ज्याची भीती होती ते सगळं माझं होऊन गेलेलं आहे.

सारजा


ओतूर
८ नोव्हेंबर २०००

वन्सं,

दोन वर्षं गप्प बसले. तुमचं ते पत्र वाचून माझी चूल पेटंना झाली व्हती, खोटं कशाला बोलू. ह्यांच्याशीही मी महिनाभर धड बोलले न्हाई. पण तुमच्यावर गुदरलं म्हणून माझ्या पोरीला टांगून ठेवायचा परवाना तुमाला मिळाला का?

पहिल्या वर्षी चुलतसासऱ्यांचं सुतक. दुसऱ्या वर्षी गुरूचा अस्त. यंदा म्हणे घराचा स्लॅब पडल्याशिवाय सून आणायची न्हाई. तुमच्या घरावर आकाश पडलंय का स्लॅब पडायला? वृषाली विशीची झाली. तिच्या बरोबरीच्या पोरी बाळंतपणाला माहेरी आल्यात. पुण्याचा इंजिनेर मुलगा सांगून येणार व्हता, त्यालाही गावातनंच परस्पर कळवलं की ती आत्याची हाय.

आणि तुमचे चिरंजीव. नारायणगावच्या टमाट्याच्या बाजारात मागं पोरगी बसवून मोटारसायकल फिरवतात. आमच्या धोंडाबाईनं डोळ्यानं पाहिलंय. पोरगी आळे गावची हाय, दवाखान्यात नर्स. मी वृषालीला सांगितलं तर ती नुसती हूं म्हणाली. पोर पार खचलीय.

ह्या उन्हाळ्यात लग्न करा न्हाईतर शब्द सोडा.

लंका


पेठ
१७ नोव्हेंबर २०००

वहिनी,

शब्द सोडायचा की धरायचा, ते ज्यानं मागितला तो ठरवतो. धोंडाबाईला म्हणावं, टमाटे बघ. वृषालीचं शेवटचं वर्ष आहे, तिला पत्र लिहून लग्नाचं डोकं खाऊ नका.

सारजा


ओतूर
२४ मे २००१

सारजाबाई,

काल पत्रिका आली. चि. आदेश आणि आळ्याची ती नर्स. वर हळदीकुंकवाचं बोट. ‘लहानथोरांसह अगत्य येण्याचे करावे.’ मला वाटलं, वाचायला चुकले. शेजारच्या मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतली.

तुमच्याइतकी नीच बाई ओतुरात जन्मली आणि पेठेत नांदती, ह्याची त्या दोन्ही गावांना लाज वाटावी. साडेतीन वर्षं माझ्या पोरीला दावणीला बांधली. दुसऱ्या कुणाला दारात फिरकू दिलं न्हाई. आमच्या खर्चानं शिकवली, तुमच्या अटीनं शिकवली, आणि आता सोडली. गावात काय बोलतात ऐका. आत्यानं सोडली म्हंजे पोरीत काहीतरी खोट असणार, पुण्यात काहीतरी केलं असणार. हे कालपासून जेवले न्हाईत. भावाचा सूड माझ्या लेकीवर काढलात. बहिणीचा तळतळाट भावाला लागतो म्हणतात, आता आईचा तुमाला लागंल.

वृषालीला काय तोंडानं सांगू? निकाल लागलाय, पयली आलीय, आणि मी तिला हे सांगू?

लंका


पेठ
९ जून २००१

वहिनी,

शिव्या पोचल्या. आता माझं ऐका, आणि तुम्हाला सांगायची मला अजिबात हौस नाही.

वृषालीला काही सांगू नका. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आदेशलाही. त्याचं आळ्याच्या पोरीशी तेव्हाच जमलेलं होतं, आणि तीसुद्धा बिचारी साडेतीन वर्षं थांबली.

त्या भाऊबीजेला मी वृषालीची वही पाहिली. त्यातले झगे पाहिले आणि म्हणूनच ट्रंक उतरवली, ती माझ्याहून किती तरी पुढं होती. आणि त्याच पंगतीत दादा म्हणाला की बारावी झाली की वैशाखात हिला उजवून टाकू. तेव्हा मी काय करायला हवं होतं? पोरीला शिकव म्हणून दादाच्या पाया पडले असते तर त्यानं ऐकलं असतं? आबांचा मुलगा आहे तो. त्याला शिक्षण कळत नाही, रीत कळते. म्हणून मी रीत मागितली. आत्यानं मागितलेल्या पोरीला दुसरा कोणी मागत नाही. बोराटीच्या काट्याचं कुंपण घातलं मी तिच्याभोवती, आणि तिचं शिकणं होईपर्यंत काढलं नाही. काटे तुम्हाला टोचले, मला माहीत आहे. सुतक, गुरू, स्लॅब, सगळं मीच रचलं. परवा तिला पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात नमुने काढायच्या कामावर घेतलं. ते ती तुम्हाला स्वतः सांगणार आहे. तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करा.

तुम्हाला का नाही सांगितलं म्हणाल. तुम्ही दादाला सांगितलं असतं. नारायणगावच्या द्राक्षबागेवर तुमचा जीव अडकला होता, पोरीवर नाही. हे वाचून राग येईल. येऊ दे.

लोक खोट काढतात तर काढू देत. वर्षभर कोणी मागायला येणार नाही, तेवढा वेळ तिला आणखी मिळेल. शब्द मोडल्याचा बोल मी माझ्यावर घेतला आहे. दादा माझ्या दारात यायचा नाही, भाऊबीज बंद झाली, हे मला मागताना कळत होतं.

तुम्हाला छबीची आई दिसली नाही, त्याचं एवढं वाईट वाटलं. माझ्या वेळी आई होती, वहिनी. रडत होती, पण होती. आबांना बहीण नव्हती. मला आत्या नव्हती.

सारजा


ओतूर
४ ऑक्टोबर २००१

वन्सं,

तुमचं पत्र येऊन चार महिने झाले. उत्तर द्यायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. अजून तुमचा राग गेला न्हाई, आणि जाईल असं वाटत न्हाई.

पोटची पोर माझ्यापुढं साडेतीन वर्षं रडायचं सोंग करत व्हती. मी तिच्यासाठी उपास धरले, देवळात जाऊन तुमचं वाईट चिंतलं, आणि ती वसतिगृहात खिदळत व्हती. तुमा दोघींना मी आई वाटले न्हाई, ह्यांच्या पायातली वहाण वाटले. तुमी म्हणता मी ह्यांना सांगितलं असतं. त्यावर लई विचार केला. सांगितलं असतं. पण तुमी एकदा विचारून बघायचं व्हतं. नंदेनं भावजयीला कधी काही विचारायचंच न्हाई का?

मागच्या महिन्यात वृषालीकडं पुण्याला गेले. मशिनींच्या त्या मोठ्या हॉलमधी ती टेबलाशी उभी राहून कागद कापत व्हती आणि तिच्याहून थोराड बाप्ये तिला विचारून कापड लावत व्हते. मला बघून तिनं कात्री खाली ठेवली न्हाई. नुसती मान हलवली, थांब म्हणाली. मी थांबले. कुणाला सांगू नका, पण मला लई बरं वाटलं.

आता कामाचं. आमची धाकटी संस्कृती यंदा दहावीला बसती. तिला गणिताचं वेड हाय. तिच्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, हिला पुढं शिकवा. मास्तर गेल्यावर हे म्हणाले, थोरलीचं असं झालं, धाकटीला आता जास्त वाढवायची न्हाई, परीक्षा झाली की बघू एखादं घर. त्यांनी दोन ठिकाणी शब्दही टाकलाय.

तुमच्या आदेशच्या पाठचा शौर्य सतरा वर्षांचा हाय ना?

हे तुमचं नाव घेऊ देत न्हाईत. तरी भाऊबीजेला या. दार मी उघडीन. एवढ्या माणसांत ओवाळायला आलेल्या बहिणीला ते हाकलणार न्हाईत, त्यांची छाती न्हाई. तुमी तबक धरा आणि काय मागायचं ते मागा. थोरलीच्या वेळी चुकले, ती चूक धाकटीला मागून भरून काढते म्हणा, रडा थोडं. ह्यांना ते पटंल.

मी आतनं येऊन तमाशा करीन. खेमचंदशेठच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा. तुमाला नीच म्हणीन, तुमच्या साता पिढ्या काढीन, म्हंजे ह्यांना संशय यायचा न्हाई. तुमी मनाला लावून घेऊ नका. निदान समदं लावून घेऊ नका. निम्मं खरं असंल.

लंका